कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग हृदयाची काळजी कशाला?

प्रश्न : माझं वय ३७. नऊ वर्षांपासून ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे. त्यावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि रोज साडेसात मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. परवाच्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल १९४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१० आलं. एकूण आकडा नॉर्मल असूनही डॉक्टर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू करण्याबद्दल बोलले. घरचे म्हणतात, या वयात कशाला? वर्षभरात बाळाचाही विचार आहे.

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी हा विषय काढला याचं मला खरंच बरं वाटलं. ल्युपसच्या पेशंटची लघवी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), सांधे सगळं वेळच्या वेळी बघितलं जातं आणि हृदय मात्र राहून जातं, हे मी ओपीडीत वारंवार बघते.

ही गोष्ट नवी नाही. १९७६ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, की ल्युपसमध्ये सुरुवातीच्या काळातले मृत्यू आजार भडकल्यामुळे किंवा जंतुसंसर्गामुळे होतात, पण बऱ्याच वर्षांनंतरच्या मृत्यूंमागे हार्ट अटॅक दिसतो. १९९७ साली पिट्सबर्गच्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपस असलेल्या बायकांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या पन्नास पटींहून जास्त निघालं. घाबरू नका. या वयात बायकांना हार्ट अटॅक मुळातच फार क्वचित येतो, त्यामुळे पन्नास पट म्हणजे उद्या येणारच असं नाही. पण ‘या वयात कशाला’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

आता तुमचा रिपोर्ट. उजव्या रकान्यात छापलेली मर्यादा सगळ्यांसाठी एकच असते. तुम्हाला ल्युपस आहे हे त्या रकान्याला माहीत नसतं. एकूण १९४ बघून घरचे निश्चिंत झाले, पण मला खटकतात ते ३४ आणि २१०. कमी एचडीएल आणि वाढलेलं ट्रायग्लिसराइड ही जोडी धुमसत असलेल्या ल्युपसमध्ये नेहमी दिसते. शिवाय आजारामुळे शरीरात आतून सूज असताना जे एचडीएल उरतं, तेही रक्तवाहिन्यांचं नीट रक्षण करत नाही. म्हणजे नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या जोडीला ही सूज येते, आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर दोन्हीकडून मार बसतो.

म्हणून गोळीच्या आधी मी चार गोष्टी बघितल्या असत्या. लघवीतून प्रथिनं जातात का? जात असतील तर कोलेस्टेरॉल त्यानेच वाढतं. थायरॉइड कमी आहे का? ल्युपसबरोबर तो बऱ्याचदा असतो. बीपी १३०/८० च्या आत आहे का? आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी तपासल्यात का? या अँटिबॉडींमुळे गुठळ्या होतात आणि गर्भालाही धोका असतो, त्यामुळे बाळाचा विचार असताना ही तपासणी राहायला नको.

प्रेडनिसोलोनबद्दल थोडं सविस्तर सांगते. साडेसात मिलिग्रॅम पूर्वी चालण्यासारखा डोस मानायचे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०२३ च्या शिफारशींमध्ये तो पाच किंवा त्याहून कमी ठेवा आणि जमेल तेव्हा बंद करा, असं आहे. स्टेरॉइडने चरबी, साखर, बीपी तिन्ही वाढतात. पण गोळी अचानक किंवा स्वतःहून कमी करायची नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र कोणी काही म्हणालं तरी सोडू नका. त्याने ल्युपस आटोक्यात राहतो, चरबीलाही थोडी मदत होते आणि गरोदरपणातही ते चालू ठेवतात.

राहिलं स्टॅटिन. ल्युपस असलेल्या मुलांना तीन वर्षं अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन देऊन बघितलं, तेव्हा मानेच्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी वाढणं थांबवण्यात ते ठोसपणे यशस्वी ठरलं नाही. त्यामुळे स्टॅटिन ल्युपसवरचं औषध नाही. धोका जास्त असेल तर कोलेस्टेरॉल उतरवायला ते द्यावंच लागतं. गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्याआधी ते साधारणपणे थांबवतात. तुमचं एलडीएल ११८ आहे आणि बाळाचं मनात आहे. तेव्हा स्टेरॉइड कमी झाल्यावर, आजार शांत असताना तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून मग ठरवलं तर चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

एक मात्र अगदी कळकळीने सांगते. छातीत दाब आला, चालताना धाप लागली, जबडा किंवा हात दुखून घाम सुटला, तर ‘ल्युपसचंच दुखणं असेल’ म्हणून थांबू नका. ल्युपसमध्ये फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आली तर श्वास घेताना टोचल्यासारखं दुखतं, हे खरं. पण दोन्हींतला फरक घरी बसून ठरवता येत नाही. लगेच दवाखान्यात जा, आपल्याला ल्युपस आहे हे सांगा आणि ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या.

प्रश्न : वय ५२, आमवात. टोसिलिझुमॅब हे आमवाताचं औषध सुरू केल्यावर सांध्यांची सूज गेली, पण एलडीएल ९८ वरून १३९ झालं. औषध बंद करू का? सिगारेट आता दिवसाला चार-पाचच आहेत.

उत्तर : बंद करू नका. आमवात भडकलेला असताना एलडीएल खोटंच कमी दिसतं. सूज उतरली की खरा आकडा वर येतो. म्हणजे पूर्वीचं ९८ तुम्हाला धीर देणारं नव्हतंच. टोसिलिझुमॅब आणि एटॅनरसेप्ट या आमवाताच्या दुसऱ्या औषधाची तीन हजारांवर पेशंटमध्ये तुलना झाली, तेव्हा टोसिलिझुमॅबने एलडीएल वाढूनही हार्ट अटॅकसारख्या घटना दोन्हींत जवळपास तेवढ्याच राहिल्या. तरी १३९ कडे दुर्लक्ष नको. आमवातात नेहमीच्या तक्त्याने काढलेल्या हृदयविकाराच्या धोक्याला दीडने गुणतात. तुमच्या बाबतीत स्टॅटिनचा विचार व्हायलाच हवा.

सिगारेट पूर्ण सोडा. आमवात आणि हृदय दोघांचंही त्याने नुकसान होतं, चार-पाचनेसुद्धा. आणि सांधे दुखत नसतील तर सवयीने चालू असलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून थांबवा. तिनेही हृदयाचा धोका वाढतो.