‘ब्लीड एअर’ म्हणजे वळती हवा

चाळीसगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा विमानदुरुस्ती शिकतो, त्याची टिपणं त्या मराठीत उतरवत आहेत. ‘ब्लीड एअर’ला संगणकाने ‘रक्तस्रावी हवा’ सुचवलं. त्यांनी ते खोडून ‘गळती हवा’ केलं, पण मन मानेना. शिवाय ‘ब्लीड्स ऑफ टेक-ऑफ’ला काय म्हणायचं?

ताई, ‘गळती’ नकोच. गळती हा दोष, आणि ही हवा मुद्दाम घेतलेली असते. जेट इंजिनात शिरलेली हवा कॉम्प्रेसर टप्प्याटप्प्याने दाबत नेतो. ती इंधनापर्यंत पोचण्याआधीच तिच्यातला थोडा वाटा नळीने बाजूला काढतात. दाबामुळे ती 200 अंश सेल्सिअसच्या पुढेही तापलेली असते. तीच गार करून केबिनमध्ये सोडतात, तीच पंखांच्या कडेवर बर्फ धरू देत नाही, दुसरं इंजिन सुरू करायलाही तीच कामी येते. या नळ्या खरोखर गळू लागल्या तर वैमानिकाला इशारा देणारी यंत्रणा वेगळी असते. तिथे तुम्हाला ‘गळतीची गळती’ लिहावं लागेल!

‘ब्लीड’ आपल्या गॅरेजांतही आहे. ट्रॅक्टरचं डिझेल संपून लाइनीत हवा धरली की मिस्तरी ब्लीडिंगचा स्क्रू ढिला करतो, हातपंप मारतो. आधी फेसाळ, बुडबुड्यांचं डिझेल येतं, मग सलग धार लागते, की स्क्रू आवळला. याला तो ‘एअर काढली’ म्हणतो. पण तिथे नको असलेली हवा बाहेर टाकायची असते, इथे हवी असलेली कामाला लावायची. म्हणून ‘काढलेली हवा’ही पुरतं बसत नाही.

माझा कौल ‘वळती’ला. पगार हातात पडण्याआधीच हप्ता वळता होतो, तशीच ही हवा जळणापर्यंत पोचण्याआधी वळती होते. बाजूला वळवणं आणि मूळ रकमेतून कमी होणं, दोन्ही अर्थ एकाच शब्दात येतात.

टेक-ऑफचं गणितही त्यातूनच उलगडतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. तापलेली हवा विरळ, म्हणून इंजिनाचा जोर घटतो. इंजिनाच्या आतल्या तापमानाला मर्यादा असल्याने जास्त इंधनही जाळता येत नाही. अशा वेळी वळती बंद केली की सगळी हवा जळणाकडे जाते आणि त्याच तापमानात जोर वाढतो. धावपट्टी आखूड असली तर तेवढ्याने थोडं जास्त वजन उचलता येतं. पांझरेकाठच्या फडात पाटकरी वरची चारी बांधतो, तेव्हाच शेवटच्या वावरात पाणी जोराने पोचतं. अहिराणीत सांगायचं तर, ‘वरनी चारी बंद कर, मंग खाले पानी जोरमा ई.’

वळती बंद असताना केबिनची हवा शेपटातल्या छोट्या सहायक इंजिनाकडून घेता येते. नाहीतर ती थोडा वेळ थांबवतात आणि उंची गाठल्यावर एकेक पॅक, म्हणजे वळती हवा गार करून केबिनला देणारं यंत्र, सुरू करतात, म्हणजे कानांना दडा बसत नाही. 2011 साली सेवेत आलेल्या बोइंग 787 ने तर केबिनसाठीची वळतीच मोडीत काढली. तिथे विजेवरचे कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबतात.

तेव्हा टिपणात ‘वळती बंद ठेवून उड्डाण’ असं लिहा. ‘पॅक’ मात्र ‘पॅक’च राहू द्या, मुलाला हँगरमध्ये तोच शब्द ऐकू येणार आहे. आणि पहिल्या पानावर ‘वळती हवा’शेजारी ‘ब्लीड एअर’ एकदा जरूर लिहा.