जॅकेटवाल्या आजोबांना उत्तर देण्याआधी

बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला, आज सकाळी चहा घेताना पुन्हा वाचला. कार्यक्रम आटोपल्यावर तू सिंथच्या, म्हणजे तुझ्या विजेवरच्या कीबोर्डच्या, केबली गुंडाळत होतीस आणि कुंपणापलीकडून एका जुन्या ड्रम कोअरचं, म्हणजे मैदानावर चालत पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवणाऱ्या तुमच्यासारख्याच पथकाचं, जॅकेट घातलेले एक आजोबा म्हणाले, "याला ड्रम कोअर म्हणत नाहीत. प्लग काढला तर तुमच्याकडे उरतं काय?" तू काही बोलली नाहीस. नंतर बसमध्ये रडलीस, आणि मला लिहिताना त्यांना 'डायनासोर' म्हणून मोकळी झालीस.

तुझं दुखणं मला समजतं. दिवसाला दहा-बारा तास उन्हात सराव, रात्री बसचा प्रवास, पहाटे कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये फरशीवर अंथरूण टाकून जेमतेम झोप. एवढं करून अकरा-बारा मिनिटांसाठी मैदानात उतरायचं आणि वर हे ऐकायचं. राग येणारच. तरीही तो शब्द मागे घे. त्या आजोबांना तू उत्तर द्यावंस असं मलाही वाटतं, पण ते नेमकं कशाबद्दल बोलत होते हे तुला आधी माहीत असायला हवं.

माझी एक गोष्ट सांगतो. 1993 चा उन्हाळा. मला अमेरिकेत येऊन दोन वर्षं झाली होती. पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवलेला मुलगा मी. लॅबमधल्या एका मित्राने पहिल्याच वर्षी स्टेडियमवर नेलं होतं, आणि स्नेअर ड्रमची अख्खी ओळ एका माणसाने वाजवल्यासारखी वाजताना ऐकून मी कायमचा अडकलो होतो. त्या साली स्टार ऑफ इंडियाना या कोअरने बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांचं संगीत घेतलं होतं. गुणगुणता येईल अशी चाल नाही, मध्ये टाळी घ्यायला जागा ठेवलेली नाही, सगळं टोकदार आणि थंड. संपलं तेव्हा माझ्या मागच्या बाकांवरून हुर्यो उडाली. मी ओरडलो नाही, पण टाळीही वाजवली नाही. हात मांडीवर तसेच ठेवले. समोर विशीच्या आसपासची पोरं घामाने निथळत उभी होती. त्यांच्यातली एक सोप्रानो ब्यूगलवाली (उंच सुराचं बिगुल वाजवणारी) मुलगी आमच्या स्टँडकडे बघत होती. तिचा ओठ वाजवून वाजवून सुजला होता, आणि मैदान सोडेपर्यंत तिने नजर खाली घेतली नाही.

त्या वर्षी अंतिम फेरीत स्टार अवघ्या 0.1 गुणाने कॅडेट्स या कोअरच्या मागे राहिलं आणि स्पर्धेतून कायमचं बाहेर पडलं. त्याच मंडळींनी पुढे 'ब्लास्ट!' हा कार्यक्रम रंगमंचावर आणला, 2001 मध्ये त्याला टोनी पुरस्कार मिळाला. आणि आज? तेव्हाचे चाहतेच नव्या पोरांना बजावून सांगतात की 1993 चं स्टार बघितल्याशिवाय राहू नकोस. मला मात्र त्या मुलीची टाळी आता देता येत नाही. तीस वर्षांहून जास्त काळ ही गोष्ट मनात आहे, म्हणून तुझ्या बाजूने उभं राहताना मला विचार करावा लागत नाही.

आता त्यांची बाजू.

तुला वाटतं की भांडण सिंथवरून सुरू झालं. तसं नाही गं, हे भांडण डीसीआयच्या, म्हणजे आज या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या, जन्माआधीचं आहे. स्पर्धा चालवायच्या त्या माजी सैनिकांच्या संघटना, अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू. नियम त्यांचे. काही कोअरच्या संचालकांना आपला कार्यक्रम आपण ठरवायचा होता, म्हणून ते वेगळे झाले. 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली अंतिम स्पर्धा झाली, अनाहाइम किंग्समेन जिंकले. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल की आता संपलं सगळं. त्यानंतर ब्यूगलला 1977 मध्ये दोन व्हॉल्व्ह (सूर बदलायच्या कळा) आले, 1990 मध्ये तिसरा. 2000 मध्ये फक्त जी पट्टीतलेच ब्यूगल वापरायचं बंधन गेलं आणि नेहमीच्या बँडची पितळी वाद्यं आली. 2004 मध्ये पिटसमोर, म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला एका जागी उभ्या असलेल्या वाद्यांसमोर, माईक लागले. 2009 मध्ये तुझा सिंथ आला. काही वर्षांनी ट्रॉम्बोन आणि फ्रेंच हॉर्नही आले. प्रत्येक पायरीवर कुणीतरी तिकीट फाडून घरी गेलेलं आहे.

पण जी पट्टीचे ते ब्यूगल तू जवळून ऐकलेले नाहीस. सुरात ठेवायला महाकठीण, आणि पन्नास-साठ जण एकदम समोर वळून फुंकायला लागले की छातीच्या पिंजऱ्यात हवा हलायची. कानाआधी शरीराला कळायचं. आवाज मैदानातून सुटून आपल्यापर्यंत येतोय हे समजायचं, कारण मध्ये दुसरं काहीच नव्हतं. तुझे ते जॅकेटवाले आजोबा प्लगबद्दल बोलतात तेव्हा मला वाटतं ते त्या हवेबद्दल बोलत असावेत. ती त्यांना पुन्हा मिळालेली नाही. तुमचे स्पीकर कितीही मोठे असले तरी त्यातून ती येत नाही, आणि हे म्हणण्यात त्यांची काही चूक नाही.

तू लहानपणी पेटी शिकलीस. पेटीचं काय झालं होतं ते तुझ्या बाईंनी सांगितलं असेलच. 1940 साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला 1971 साल उजाडलं, तेही अटींसह. आणि विरोध करणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पेटीवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची जी वाट आहे, ती पट्ट्यांच्या मधल्या फटीत हरवते. सारंगीवाल्याला जे जमतं ते पेटीवाल्याला कधीच जमणार नाही. तरी आपली नाट्यगीतं पेटीशिवाय तुला ऐकवतात का? वाद्याची उणीव खरी असते आणि त्याची जागाही खरी असते. चांगला पेटीवाला मींड दाखवायच्या फंदात पडत नाही, तो गाणाऱ्याच्या मींडेला वाट करून देतो. तुझ्या सिंथबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे.

थोडं स्पष्ट बोलतो. माईक आले ते मला मनापासून पटलं. त्याआधी मरिंबा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजवणारी मुलं वरच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा म्हणून कडक मॅलेटने (काठ्यांनी) ठोकत राहायची. लाकडाचा तो गोल, ओला आवाज मैदानावर कधी ऐकूच यायचा नाही. माईकमुळे त्यांना हलक्या हाताने वाजवता यायला लागलं, म्हणजे मुलांच्या हातातलं कौशल्य वाढलं. याउलट पुढच्या काही वर्षांत माईकवरून निवेदनं करायची टूम निघाली, संगीत चालू असताना कुणीतरी शब्दांत त्याचा अर्थ सांगतंय. ते मला तेव्हा रुचलं नाही, आजही रुचत नाही. आणि तुझ्या डाव्या हाताखालचा तो खोल, घुमणारा बास, ज्याला चाहते वैतागून 'गू' म्हणतात (इंग्रजीत, म्हणजे चिकट लगदा, मराठीत वाचून हसू नकोस), तो बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त असतो.

तू जिथे उभी असतेस तिथून हे कळणं शक्य नाही. तुमचे स्पीकर अगदी पुढे. काँट्रावाले, म्हणजे सगळ्यात खोल सुराचं पितळी वाद्य वाजवणारे, कधी कधी मागच्या रेषेजवळ, तुझ्यापासून दीडशे फुटांवर. म्हणून तर तुम्हाला मागून येणारा आवाज ऐकून वाजवायला शिकवतात, नाहीतर वर बसलेल्याला दोन तुकडे ऐकू येतात. पण जोराचा अंदाज तिथून येत नाही. मी गेल्या महिन्यात तुमचा सराव बघायला आलो होतो तेव्हा स्टँडच्या अगदी वर चढून बसलो. शेवटच्या आधीच्या मोठ्या कॉर्डला तुमचे काँट्रावाले उलटे चालत तो सूर धरत होते. एवढं जड वाद्य खांद्यावर, पाय मागे पडतायत, आणि दम तुटत नाहीये. दिसत होतं सगळं. ऐकू येत होता तो तुझा बास. मग दुपारी जनरेटर बंद पडला, आठवतं? तुम्ही तोच भाग तसाच वाजवलात. मी उठून उभा राहिलो. तो सूर किंचित खरखरीत होता, शेवटी थोडा हललाही, आणि तो माणसांचा होता.

तेव्हा एक कर. तुझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांना विचारून एकदा पूर्ण रन-थ्रू त्या बासशिवाय करून बघा, आणि तू स्वतः वरच्या रांगेत जाऊन ऐक. जिथे पोकळी जाणवेल तिथे तुझा बास हवा. जिथे काँट्रा पुरे आहेत तिथे तूच सुचव की इथे कमी करूया. ऐकतील की नाही माहीत नाही. पण तू सुचवलंस हे महत्त्वाचं, कारण एकोणीस वर्षांच्या मुलीने आपलं वाद्य स्वतःहून कमी करायला सांगणं फार थोड्या ठिकाणी घडतं.

अजून एक. या भांडणात पोशाख, प्रॉप्स, शाको (उंच, लष्करी घाटाच्या) टोप्या यांवर तासन् तास खर्च होतात. ते सोडून दे. ब्लूकोट्स या कोअरने 2016 मध्ये टोप्या न घालता, उतरणीवरून घसरत अजिंक्यपद मिळवलं, तो वाद माझ्या लेखी तिथेच मिटला. पैशांचं मात्र मिटलेलं नाही, आणि जुन्या लोकांच्या चिडीत ते खोल कुठेतरी असतं. कॅडेट्स 1934 मध्ये न्यू जर्सीतल्या गारफिल्ड गावच्या एका चर्चमधून सुरू झालं. अशी गल्लीतली, चर्चमधली, लीजनच्या हॉलमधली कितीतरी कोअर होती. कामगारांची पोरं फारसा खर्च न करता वाजवायला शिकायची. आज एका उन्हाळ्याची फी हजारो डॉलरच्या घरात आहे. तुझी फी भरायला तुझ्या आईने शनिवार-रविवारी किती डबे करून दिले ते मला ठाऊक आहे. स्पीकर, मिक्सर, प्रॉप्स, ते वाहून न्यायला जास्तीचा ट्रक, हे सगळं त्या फीतच येतं. ती गावं, ती कोअर राहिली नाहीत, आणि त्याचं दुःख कुणाला सांगायचं हे कळत नाही, म्हणून ते बोट तुझ्या केबलकडे दाखवतात. बोट चुकीच्या जागी आहे. दुःख खरं आहे.

म्हणून ते आजोबा पुन्हा दिसले, आणि दिसतील, अशी माणसं दरवर्षी इंडियानापोलिसला येतातच, तर सिंथचं समर्थन करत बसू नकोस. तू लिहिलंस की जॅकेटच्या बाहीवर वाजवलेल्या वर्षांची सालं शिवलेली होती. ती वाच. त्यांना विचार, त्या वर्षी तुम्ही काय वाजवत होतात, कुठे झोपत होतात, बस कुठे बंद पडली होती. मग त्यांना तुमच्या सरावाला बोलव. पिटच्या मागे उभं कर, त्यांना तुझे हात दिसतील असं.

ऑगस्टमध्ये मी येतोय. थालीपिठाची भाजणी आणतो, तुमच्या फूड ट्रकवाल्या काकूंना तवा मोकळा ठेवायला सांग. आणि बाहीवरची सालं मला कळव.

तुझा,
काका