'ट्रिव्हिया' म्हणजे नक्की काय? 'ट्रिव्हियल' आणि 'ट्रिव्हिया' एकच का?

एकाच घरातले शब्द, पण वापर वेगळा. 'ट्रिव्हियल' हे विशेषण: क्षुल्लक, किरकोळ. "एवढ्या ट्रिव्हियल गोष्टीवरून वाद नको" असं आपण मराठी बोलतानाही म्हणतो. 'ट्रिव्हिया' हे नाम. फुटकळ माहिती, जी नसली तरी काही अडत नाही, पण कळली की मजा वाटते. क्रिकेट ट्रिव्हिया, सिनेमाचा ट्रिव्हिया वगैरे. कॅनडात तयार झालेला 'ट्रिव्हियल परस्यूट' हा प्रश्नोत्तरांचा बैठा खेळ १९८१ साली बाजारात आला आणि या अर्थाला फार मोठी लोकप्रियता मिळाली.

मला या शब्दाचं मूळ फार आवडतं. लॅटिनमध्ये 'त्रि' म्हणजे तीन आणि 'व्हिया' म्हणजे रस्ता. तीन रस्ते मिळतात ती जागा, म्हणजे कोकणातला आपला तिठाच! तिठ्यावर कुणीही भेटतं, काहीही कानावर पडतं. म्हणून 'तिठ्यावरचं' ते सामान्य, रोजचं, असा अर्थ आला.

व्याकरणात 'ट्रिव्हिया' मुळात अनेकवचनी आहे, त्यामुळे पुढे 'ज' जोडून 'ट्रिव्हियाज' करू नका. इंग्रजीत क्रियापद एकवचनी किंवा अनेकवचनी, दोन्ही चालतं.

गणितात मात्र 'ट्रिव्हियल' म्हणजे कमी लेखणं नव्हे. जे उघडच दिसतं, सिद्ध करायला कष्ट पडत नाहीत, ते.