‘वारसाचं नाव काढलं की घरात भांडण होते’

सविता (नाव बदललं आहे) दारव्हा तालुक्यातल्या एका गावाहून एसटीने आली होती. बसल्या बसल्या म्हणाली, ‘‘मॅडम, मी का त्याइच्या मरणाची वाट पाहून राह्यली काय?’’ आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

पोळ्याच्या आधी तिने नवऱ्याला विचारलं होतं, विम्यावर आणि बँकेच्या खात्यावर वारस म्हणून कोणाचं नाव आहे? नवरा उठून बाहेर गेला. सासूबाई कडाडल्या, ‘‘सणासुदीले असं अभद्र बोलतेत?’’ तेव्हापासून घरात अबोला. नवरा धडधाकट असताना हे कागदांचं बोलायचं कसं, हे कितीतरी बायका मला विचारतात.

सविताने उगाच विचारलं नव्हतं. मागच्या वर्षी तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, छातीत कळ येऊन गेले. खात्यावर वारस म्हणून त्यांच्या वडिलांचं नाव होतं, आणि वडील त्याच्या कितीतरी आधीच वारले होते. मधल्या काळात लग्न झालं, दोन लेकरं झाली, बँकेतलं नाव तेच राहिलं. जाऊबाई रोजी पाडून तालुक्याला खेपा घालत राहिल्या. एका संध्याकाळी सविताने कागदांची थैली खाटेवर उलटी केली. भासऱ्यांच्या पासबुकात दर मे अखेरीस ४३६ रुपये कापल्याची ओळ होती. तो पंतप्रधान जीवनज्योती विमा. माणूस गेला तर वारसाला दोन लाख मिळतात. हप्ता दर वर्षी जात होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. ती ओळ पाहिल्यापासून सविताला झोप नव्हती.

बोलता बोलता कळलं की नवऱ्याची जीवन विम्याची पॉलिसी लग्नाआधीची आहे, आणि तिच्यावर नाव सासूबाईंचं आहे. मी म्हटलं, पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन ये.

तिघंही आले. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग एकदम म्हणाल्या, ‘‘मले वाटलं, हे माहं नाव खोडून राह्यली. पोराले काई झालं तं मले कोन पाहीन?’’

अपशकुनाच्या आड ही भीती होती. माझ्या अनुभवात बहुतेक घरांत ती असतेच, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही.

मी त्यांना सांगितलं की बँकेत आपण वारस म्हणून ज्याचं नाव लावतो तो नॉमिनी, म्हणजे फक्त पैसे हातात घेणारा. मालकी कायद्याने ठरलेल्या वारसांचीच राहते. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. मृत्युपत्र नसेल, तर मुलाच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलं-मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. ‘‘आईलेबी?’’ त्यांनी दोनदा विचारलं. जीवन विम्याचं मात्र वेगळं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं यांच्यापैकी ज्याचं नाव असेल, पैसा त्याचाच होतो. म्हणून तिथे नाव बदलणं सगळ्यात निकडीचं. तिथे आई आणि बायको, दोघींची नावं वाट्यासह टाकता येतात. बँक खात्यावरही १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. सातबाऱ्याला नॉमिनी नसतो. तिथे माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा.

घरी विषय काढताना ‘तुम्ही गेल्यावर’ असं कधी म्हणू नका. सुरुवात स्वतःच्या कागदांपासून करा. सविताचं आधार सासरच्या नावावर होतं आणि पासबुक अजून माहेरच्या. मी तिला म्हटलं, आधी हे सारखं करून घे आणि तुझ्या खात्याला नवऱ्याचं नाव लाव. फॉर्म भरायला त्यांनाच सोबत ने. बायकोच्या फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिताना पुरुषाला त्यात अभद्र काही वाटत नाही, आणि मग त्याच खिडकीवर दुसरा फॉर्म मागायला जड जात नाही.

तसंच झालं. बाजाराच्या दिवशी दोघं बँकेत निघाले, तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या. हातात स्वतःचं पासबुक. ‘‘माह्यं बी पाय वं,’’ त्या सविताला म्हणाल्या, ‘‘त्याच्यात अजून तुह्या सासऱ्याचंच नाव हाये.’’