पायथॉनमध्ये -७ // २ चं उत्तर -३ ऐवजी -४ का येतं?
-४ हेच बरोबर आहे. // हा ऑपरेटर दशांश भाग नुसता कापून टाकत नाही, तो संख्यारेषेवर डावीकडच्या पूर्णांकाकडे जातो. -३.५ च्या डावीकडे -४ आहे. सी आणि जावामध्ये पूर्णांकांचा भागाकार शून्याकडे झुकतो, म्हणून तिथे -३ मिळतं. त्या भाषांमधून आलेले बरेच जण इथेच अडखळतात.

खरं कारण % मध्ये, म्हणजे बाकी काढणाऱ्या ऑपरेटरमध्ये आहे. भागाकार गुणिले भाजक अधिक बाकी म्हणजे भाज्य, हे शाळेतलं सूत्र पायथॉन कसोशीने पाळतो: (-४) * २ + १ म्हणजे -७. म्हणून -७ % २ ची बाकी १ येते, सीमध्ये ती -१ येते. पायथॉनमध्ये बाकीला भाजकाचं चिन्ह मिळतं, आणि मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. रात्री २ च्या ५ तास आधी किती वाजले होते? (२ - ५) % २४, उत्तर थेट २१. वेगळी अट घालावीच लागत नाही.

विषम संख्या ओळखायला न % २ == १ ही तुलना ऋण संख्यांनाही चालते. सी किंवा जावामध्ये मात्र तिथे != ० लिहा, नाहीतर -७ विषम ठरणार नाही. आधी गणित आणि मग तुलना होते, त्यामुळे इथे कंस लागत नाहीत.

-३ च हवं असेल तर -(७ // २) लिहा. आणि जपून: -२ ** २ चं उत्तर -४ येतं, कारण घात उणे चिन्हाच्या आधी सोडवला जातो.