टॉर्च लिलीचा गड्डा कुजला

प्रश्न : ताई, टॉर्च लिलीची दोन रोपं फेब्रुवारीत अंगणात लावली. उन्हाळाभर पानं जोमात होती. श्रावणात एका रोपाची मधली पानं धरली तर अलगद हातात आली, खाली गड्डा काळा पडून कुजलेला. दुसरं पिवळं पडलंय. नाशिकचं ऊन सोसलं नाही का? – एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : उन्हानं नाही, साचलेल्या पाण्यानं गेलं. आधी दुसरं रोप वाचवा. आजच मुळांच्या मातीसकट उचला, कुजलेला भाग धारदार सुरीनं कापून टाका आणि रोप भोकांच्या कुंडीत, निम्मी जाड वाळू घातलेल्या मातीत लावा. छपराखाली ठेवा, वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको.

हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, आपल्या कोरफडीच्याच कुळातलं. वाढीच्या दिवसांत पाणी भरपूर पितं, पण गड्ड्याशी पाणी थांबलं की संपलं. आपली काळी माती पावसात फुगते, मुळांना हवाच मिळत नाही. माझी पहिली तीन रोपं अशीच गेली. गुलाबाच्या वाफ्यात, तीही खोल पुरली होती. फार हळहळले होते तेव्हा.

आता मी फूटभर उंच गादीवाफा करते. पोयटा, बारीक मुरूम आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत. गड्ड्याचा माथा मातीच्या बरोबरीनं राहिला पाहिजे, त्यावर पालापाचोळाही नको. लावणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरअखेर. म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळं धरतात. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर, दिवसाचं सहा तास ऊन. एप्रिल-मेमध्ये मात्र पाण्याची हयगय नको.

फुलाची घाई करू नका. बियांपासून केलेलं रोप फुलायला दोन-तीन वर्षं घेतं आणि सारखं उपटून हलवलं तर रुसतं. माझ्याकडे तिसऱ्या वर्षी पहिला दांडा आला. कळ्या खालून वर उमलत जातात, उमललेल्या पिवळ्या होतात, शेंड्याच्या मिटलेल्या लालच राहतात, म्हणून तो तुरा पेटत्या मशालीसारखा दिसतो. नळीसारख्या त्या फुलांत मध असतो. शिंजीर दांड्यालाच लटकून चोच घालतो, सकाळचा चहा हातात तसाच राहतो माझ्या.

फुलं सुकली की दांडा बुंध्याशी कापा. पानं कापू नका.