चलन घसरलं की कारखाना सुधारतो का?

प्रश्न : चलन घसरलं की निर्यात वाढते असं सगळेच म्हणतात, मग कारखान्यांची उत्पादकताही वाढत असणार ना? आणि चलन महाग झालं की उलटं होतं का?

उत्तर : नाही हो, इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. उत्पादकता म्हणजे तेवढीच माणसं, तेवढीच मशीन लावून जास्त माल निघणं. चलन पडलं की त्याच डॉलरचे घरी जास्त पैसे येतात, ताळेबंद छान दिसतो आणि माणशी विक्रीचा आकडाही फुगतो, पण शॉप फ्लोअरवर माल दिवसाला तेवढाच निघत असतो.

बरं, फायदासुद्धा वाटतो तेवढा नसतो. समजा एक कंपनी १०० डॉलरला पंप विकते आणि त्यातले ६० डॉलर बाहेरून मागवलेल्या मोटर, बेअरिंगला जातात, तर चलन पडल्यावर मोटरही त्याच हिशोबाने महाग होते, म्हणजे फायदा फक्त उरलेल्या ४० डॉलरवर. मोठे निर्यातदार बऱ्याचदा मोठे आयातदारही असतात! आणि नवीन मशीन बाहेरून आणायचं तर तेही महाग, मग खरेदी पुढे ढकलली जाते, मला जास्त काळजी याची वाटते कारण उत्पादकता खरी वाढते ती अशा मशीनमुळे.

आता चलन महाग झाल्यावर काय होतं ते बघा. १९८५ च्या प्लाझा कराराआधी (पाच मोठ्या देशांनी मिळून डॉलर स्वस्त करायचं ठरवलं तो करार) एका डॉलरला २४० येनच्या आसपास मिळायचे, १९८८ मध्ये १३० च्या आसपास, म्हणजे जपानचा येन बराच महाग झाला. जपानी कंपन्यांनी खर्च कापला, भारी किमतीच्या मालाकडे वळल्या, पण बरंच उत्पादन आग्नेय आशियातही हलवलं. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने १५ जानेवारी २०१५ ला युरोमागे १.२० फ्रँकपेक्षा फ्रँक महाग होऊ न देण्याची मर्यादा सोडली आणि फ्रँक एकदम वधारला, तेव्हा काही कंपन्यांनी त्याच पगारात कामाचे तास वाढवले. खर्च वाचला खरा, पण तासाला निघणारा माल त्याने वाढत नाही, आणि कामगारांच्या माथी हे मारणं मला पटत नाही.

चलन महाग झाल्यावर जशी बाहेरच्या मालाची स्पर्धा वाढते तशी व्यापार खुला झाल्यावरही वाढते, आणि तेव्हा अजून एक गोष्ट होते. कॅनडाचा अमेरिकेशी मुक्त व्यापार करार १९८९ ला लागू झाला, त्यानंतर कमकुवत कारखाने आक्रसले, काही बंद पडले, आणि त्यामुळेही पूर्ण उद्योगाची सरासरी उत्पादकता वर गेली. म्हणजे एकही कारखाना सुधारला नाही तरी सरासरी वाढू शकते, म्हणून असा आकडा दिसला की बंद पडलेल्या कारखान्यांतल्या कामगारांना पुढे काम मिळालं का हेही विचारा.